ऑर्कनीच्या प्रागैतिहासिक मानवी मूर्ती

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे, तिथे साधारण ५००० वर्षांपूर्वीच्या म्हणजे नवाश्मयुगातल्या, दगडाच्या आणि व्हेलच्या हाडाच्या छोट्या मानवी मूर्ती सापडल्यात. बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत, पण त्या काळात ब्रिटनमधले लोक माणसाची आकृती जवळपास करतच नव्हते, निदान टिकेल अशा वस्तूत तरी नाही, म्हणून त्यांचं एवढं कौतुक.

सगळ्यात गाजलेली मूर्ती वेस्ट्रे बेटावरची. २००९ साली लिंक्स ऑफ नोल्टलंड या ठिकाणी उत्खनन चालू असताना मिळाली, वालुकाश्माची, उंची फक्त ४१ मिमी, रुंदी ३१ आणि जाडी १२, म्हणजे काडेपेटीपेक्षाही लहान. चेहऱ्यावर डोळ्यांचे दोन ठिपके, वर जाड भुवया आणि मधे लांबट नाक, बस. अंगावर चौकोनी रेघा मारल्यात, तो कपडा असावा असं मानतात, आणि छातीवरच्या दोन गोलांवरून ही बाई आहे असं ठरवलं गेलं. जवळच्याच होम ऑफ पापा वेस्ट्रे बेटावरच्या थडग्याच्या दगडांवर अशाच भुवयांसारख्या रेघा कोरलेल्या आहेत, तेव्हा हा चेहरा तिथल्या लोकांच्या ओळखीचा असणार. तिला वेस्ट्रे वाइफ म्हणतात, ऑर्कनी व्हीनस असंही म्हणतात. हे दुसरं नाव मला तरी पटत नाही, कारण ऑस्ट्रियात १९०८ साली सापडलेली विलेनडॉर्फची ती प्रसिद्ध व्हीनस नावाची बाईची मूर्ती जवळपास ३०,००० वर्षं जुनी आहे, दोघींमध्ये २५,००० वर्षांचं अंतर आणि संबंध काहीच नाही.

हाडाची मूर्ती ऑर्कनीतल्याच स्कारा ब्रे या नवाश्मयुगीन गावातली. १८५० च्या वादळात वाळू उडून हे गाव उघडं पडलं, मग १८६० च्या दशकात तिथले जमीनदार विल्यम वॉट यांनी खणताना ती एका घरात मिळाली. जॉर्ज पेट्री या जुन्या वस्तूंच्या अभ्यासकाने चित्र काढून ठेवलं, नोंद केली आणि त्यानंतर मूर्ती जी गायब झाली ती दीडशे वर्षं फक्त चित्रातच राहिली. २०१६ मध्ये ऑर्कनीतल्याच स्ट्रॉमनेसच्या म्युझियममध्ये जुन्या वस्तूंचे खोके तपासताना पुरातत्त्व संशोधक डेव्हिड क्लार्क यांच्या हाती आली, इतकी वर्षं ती तिथेच पडून होती! उंची ९५ मिमी, डोळे आणि तोंड कोरलेलं, पोटावर बेंबी, आणि दोन्ही बाजूंना भोकं, दोरीने लटकवत असतील कदाचित. तिला बडो हे नाव मिळालंय.

व्हेलचंच हाड का, तर बेटावर झाडं फारच कमी, त्यामुळे पलंग आणि फडताळंसुद्धा दगडाची, आणि किनाऱ्याला लागलेल्या व्हेलचं हाड म्हणजे फुकटात मिळालेलं चांगलं मटेरियल. शिवाय तिथल्या वाळूत शिंपल्यांचा चुरा भरपूर असतो, त्यामुळे ती आम्लधर्मी नाही आणि हाड कुजत नाही. लाकडाच्याही मूर्ती करत असतील तर त्या केव्हाच गेल्या. मातीची मात्र एक, डोकं नसलेली, नोल्टलंडलाच पुढे मिळाली.

२०१९ मध्ये ऑर्कनीतच फिन्सटाउन गावाजवळ वीज उपकेंद्रासाठी जागा तपासताना चुलीच्या आसपास नऊ दगडी आकृत्या निघाल्या, पण त्या ४००० वर्षांच्या आसपासच्या, म्हणजे नंतरच्या. दगडाला दोन्हीकडून खाच पाडून मान आणि खांदे काढल्यासारखे दिसतात, चेहरा वगैरे नाही. आता खाच पाडलेल्या दगडाला दोरही बांधता येतो, त्यामुळे ही माणसंच आहेत असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

असाच वाद आपल्याकडेही आहे. उत्तर प्रदेशात बेलन नदीच्या खोऱ्यात लोहंदा नाल्यात मिळालेली हाडाची वस्तू अलाहाबाद विद्यापीठाच्या संशोधकांनी मातृदेवता ठरवली, तर दुसरे म्हणतात ते मोडकं हार्पून, म्हणजे मासे मारायचा काटेरी भाला आहे. त्यापेक्षा पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची केस बरी. तिथली बिनडोक्याची बाई कच्च्या मातीची आहे, हाडाची किंवा दगडाची नाही, पण ती घराच्या जमिनीखाली मातीच्या डबीत नीट झाकून ठेवलेली आणि सोबत मातीचाच बैल, त्यामुळे पूजेची वस्तू म्हणायला काहीतरी आधार मिळतो. वेस्ट्रे वाइफच्या बाबतीत असा आधार नाही, ती शेतकऱ्यांच्या वस्तीतल्या घराच्या अवशेषांत मिळाली, तेव्हा देवी म्हणा, पूर्वज म्हणा की पोराचं खेळणं म्हणा, तिन्ही चालतं.