सदाफुलीची चार पानं आणि मोठेबाबांची शुगर

आमच्या मोठेबाबांना शुगर निघाली त्याला आता सहा वर्षं होतील. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, तिथं बातमी फुटायला काय वेळ लागतो, आठवडाभरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं एकेक झाड सांगितलं. कोणी कारल्याचा रस, कोणी जांभळाच्या बियांची पूड, कोणी गुडमार, बाजाराच्या दिवशी जडीबुटीवाल्यानं बिज्याच्या (विजयसाराच्या) लाकडाचा गिलास गळ्यात मारला, आणि सदाफुली तर अंगणातच होती, फुकटची. रोज सकाळी उपाशीपोटी चार पानं चावायचे. मी काही बोललो की म्हणायचे, "झाडपाल्यानं कोनाचं वाईट झालं काय रे? गोया खाऊनच किडन्या जातात." आणि एक दिवस गोळी बंदच करून टाकली.

आता खरं सांगायचं तर झाडात औषध असतं हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. त्यांनी जी गोळी बंद केली ना, मेटफॉर्मिन, तिचं मूळच एका झुडपात आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळ्या फुलांची वनस्पती होते, वारंवार लघवीला होणाऱ्या माणसाला जुन्या काळी तिचा काढा देत. तिच्यात गॅलेजिन नावाचं द्रव्य सापडलं, ते शुगर उतरवायचं पण विषारीही होतं, मेंढ्यांनी ते झुडूप जास्त खाल्लं तर मरायच्या. मग केमिस्ट लोकांनी त्याच जातकुळीतली, कमी विषारी द्रव्यं बनवली, मेटफॉर्मिन १९२२ साली तयार झालं आणि १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टेर्न या डॉक्टरनं ते माणसांवर वापरून निष्कर्ष छापले. लिव्हर रात्रभर रक्तात साखर सोडत असतं, ते सोडणं ही गोळी कमी करते. हल्ली डॉक्टर डापाग्लिफ्लोझिन लिहून देतात, लघवीवाटे साखर बाहेर काढणारी गोळी, तिची कल्पना सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतल्या फ्लोरिझिनवरून आली, ते १८३५ सालीच वेगळं केलेलं होतं. म्हणजे झाड विरुद्ध गोळी असं भांडणच नाही, कितीतरी गोळ्या झाडाचीच नातवंडं आहेत, फरक एवढाच की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते माहीत असतं आणि ती हजारो लोकांना देऊन, मोजून पाहिलेली असते.

मेथीचंच घ्या. मेथीदाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट फायबर असतो, दाणे भिजवले की बोटाला जो बुळबुळीतपणा लागतो तोच. तो पोटात जेवणाला धरून ठेवतो, मग साखर रक्तात एकदम न जाता हळूहळू जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या लोकांनी १९९० साली इन्सुलिनवर असलेल्या पेशंटना तेल काढलेली मेथीपूड जेवणातून देऊन पाहिली आणि लघवीतून जाणारी साखर निम्म्याहून जास्त कमी झाली. पण किती मेथी? दिवसाला १०० ग्रॅम. आपण रात्री भिजवतो तो एक चमचा म्हणजे जेमतेम चार ग्रॅम. चमचाभर मेथीचा काहीच उपयोग नाही असं मी म्हणत नाही, पण त्या एका चमच्याच्या भरवशावर गोळी सोडायची, हे गणित जुळत नाही.

बिज्याचंही तसंच. या लाकडावर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं १९९८ मध्ये अभ्यास छापला, नवीनच शुगर निघालेल्या ९७ लोकांना १२ आठवडे दिलं, ६७ जणांची शुगर आटोक्यात आली. वाचून मला खूप बरं वाटलं, आपल्या जंगलातलं झाड आहे हे. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून पथ्यानं किती झालं आणि बिज्यानं किती ते वेगळं काढता येत नाही. आणि गिलासचं काय होतं ते मी घरी रोज पाहिलं. पहिल्या आठवड्यात रात्री ठेवलेलं पाणी सकाळी चहासारखं तांबूस व्हायचं, दोन महिन्यांनी नुसतं पिवळसर, चार महिन्यांनी साधं पाणी. मोठेबाबा मात्र तितक्याच श्रद्धेनं पीत होते. औषध गिलासातून कधीच संपलं होतं.

सदाफुलीची गोष्ट मात्र मला प्रत्येक घरी जाऊन सांगावीशी वाटते. ही पानं शुगरवर चालतात असं जमैकातही लोक मानायचे, तिथून ती कॅनडात संशोधक रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचली. त्यांनी अर्क उंदरांना तोंडावाटे दिला, शुगरवर काही विशेष फरक नाही. मग सुईनं दिला तर उंदीर आठवडाभरात इन्फेक्शननं मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. त्यातून १९५८ मध्ये नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी विनब्लास्टिन वेगळं केलं. हे कॅन्सरचं औषध आहे, केमोथेरपीचं! पानात ते अगदी कणभर असतं हे मान्य, पण ज्याच्या जखमा आधीच भरत नाहीत अशा माणसानं ते रोज उपाशीपोटी का चावावं?

नर्सरीत मिळतं ते इन्सुलिनचं झाड, त्यात इन्सुलिन नसतं. असतं तरी ते प्रोटीन आहे, पोटात डाळीसारखं पचून गेलं असतं. आणि गुलवेल, कोरोनाच्या काळात मुंबईत ती घेणाऱ्या काही लोकांना कावीळ झाली, लिव्हरला मार बसला, हे डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापलंय.

उलटा धोकाही आहे. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी चालू आणि वरून गुडमार, कारल्याचा रस, तर शुगर एकदम डाऊन होऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी, आणि वावरात एकटा माणूस असला तर पाहणार कोण. बिनलेबलच्या पुड्यांमध्ये तर कधीकधी चक्क शुगरची गोळीच कुटून टाकलेली सापडली आहे, म्हणून ती पुडी इतकी झटकन लागू पडते.

मोठेबाबांना कळलं ते पऱ्हाटीचा (कापसाच्या झाडाचा) खुट पायात घुसला तेव्हा. दीड महिना जखम भरेना, तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) काढली तर १०.८ टक्के, म्हणजे खूपच जास्त. पाय वाचला, पण त्या दीड महिन्यात मोठी माय रात्रभर जागी असायची.

आता गोळी सुरू आहे, मेथीही सुरू आहे, डॉक्टरला दोन्ही सांगून. घरी मशीन आणली, वहीत ते स्वतः लिहितात. मागच्या सोमवारी ज्वारीची भाकर आणि कारल्याची भाजी, दोन तासांनी १६२. मंगळवारी पोटभर भात, २२१. वही मोठ्या मायपुढे सरकवून म्हणाले, "मले भात अर्धाच वाढत जा."