छोटा शिग्री आणि बांबूच्या काठ्या

हिमाचल प्रदेशात, मनालीच्या पलीकडे लाहौलमध्ये चंद्रा नदीचं खोरं आहे. तिथल्या अनेक हिमनद्यांपैकी या दोन. बडा शिग्री 27-28 किलोमीटर लांब, छोटा शिग्री जेमतेम 9. तिथल्या बोलीत 'शिग्री' म्हणजेच हिमनदी. त्यामुळे 'शिग्री हिमनदी' म्हणणं म्हणजे 'गोदावरी नदी नदी' म्हणण्यासारखं!

आपली कळसूबाई 1646 मीटर उंच. एका कळसूबाईवर दुसरी ठेवली, तरी छोटा शिग्रीचं खालचं टोक आणखी साडेसातशे मीटर वर राहतं. त्याचा माथा तर 6200 मीटरच्याही वर आहे. तिथे पडलेला भुसभुशीत हिम उन्हाळ्यातही पूर्ण वितळत नाही. दरवर्षी नवा थर, खालचा दबतो, मधली हवा निसटते आणि बऱ्याच वर्षांनी त्याचा टणक, निळसर बर्फ होतो. बर्फाचा लाडू वळताना मुठीत दाबलं की घट्ट होतो ना, तसंच. पण इथे दाबणारी मूठ म्हणजे वरचाच बर्फ.

हा जड बर्फ उतारावरून सरकतो. दिवसाला चार-पाच बोटं, फार तर वीतभराच्या आत. डोळ्यांना काही कळत नाही. मग मोजायचं कसं?

बांबूने! 2002 पासून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले आणि फ्रान्समधले शास्त्रज्ञ इथे वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोकं पाडून बांबू रोवतात. पुढच्या वर्षी तोच बांबू किती खाली सरकला, ते बघितलं की वेग कळतो. बांबू बर्फाबाहेर किती जास्त डोकावतोय, त्यावरून किती बर्फ वितळला ते कळतं. खालच्या भागात एका उन्हाळ्यात काही मीटर बर्फ जातो. वर हिवाळ्यात नवा हिम साठतो. जमा-खर्च मांडला तर खर्च जास्त निघतो. वर्षाला सरासरी अर्धा मीटर, म्हणजे साऱ्या हिमनदीवर गुडघाभर पाणी पसरावं इतका.

वितळलेलं पाणी चंद्रेत जातं, आणि तांदी गावाजवळ भागा नदी येऊन मिळाली की पुढे तिलाच चिनाब म्हणतात. उगमाशी हे पाणी ताकासारखं पांढुरकं दिसतं, कारण बर्फाने घासलेल्या खडकांची बारीक पूड त्यात असते.

कधी बर्फ इतका वितळतो की बांबू आडवाच पडलेला सापडतो. मग नवं भोक, नवी काठी, आणि मोजणी पुन्हा सुरू.