कामगार न्यायालयात केस ‘डिसमिस’ झाली? आधी नक्कल काढा

लोटे, खेर्डी, मिरजोळे, कुडाळ. एमआयडीसी कुठलीही असो, कामावरून काढलेला माणूस येऊन एवढंच सांगतो, ‘केस डिसमिस झाली.’ कशामुळे, ते त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. पुढचा रस्ता मात्र त्यावरच ठरतो.

निकालपत्राचा शेवट नीट वाचून घ्या. तारखांना कोणी हजर नव्हतं म्हणून दावा काढून टाकला असेल, तर तुमची बाजू ऐकलीच गेलेली नाही. असा एकतर्फी निकाल रद्द करून घेण्यासाठी त्याच न्यायालयात अर्ज करता येतो. मुदत निकालाची प्रत हातात आल्यापासून 30 दिवस.

घोडं अडतं ते इथेच. वकिलांनी मोबाईलवर पाठवलेल्या फोटोवर विसंबून राहू नका. न्यायालयाच्या नक्कल विभागात स्वतः अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. शेवटच्या पानावर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात, त्या जपा. उशीर झालाच, तर एकेका दिवसाचा हिशेब त्यांवरूनच द्यावा लागतो.

गैरहजेरीचं कारणही कागदावर हवं. ‘आजारी होतो’ एवढ्यावर भागत नाही. डॉक्टरांचा दाखला, डिस्चार्ज कार्ड जोडा. पावसात घाट बंद होता, तर त्या दिवशीच्या पेपरातली बातमी जोडा. खरं कारण असूनही निव्वळ कागदाअभावी अर्ज फेटाळले जातात, ते बघवत नाही.

पुरावे तपासून निकाल विरोधात गेला असेल, तर हायकोर्टात रिट याचिका. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडकरांसाठी मुंबई. तिथे सहसा साक्षीपुरावे नव्याने होत नाहीत, खालच्या निकालात चूक काय झाली ते दाखवावं लागतं.

ठेकेदाराच्या माणसांकडे नेमणूकपत्र जवळजवळ कधीच नसतं. कामावरून काढण्याविरुद्धचं कायद्याचं संरक्षण सहसा वर्षभरात 240 दिवस काम भरल्यावरच मिळतं, आणि ते भरल्याचं सिद्ध करायचं ओझं मात्र त्यांच्याच डोक्यावर. पीएफचं पासबुक, ईएसआयसीचं कार्ड, गेटपास, पगार जमा झाल्याच्या बँकेतल्या नोंदी, हे सगळं पहिल्या दिवसापासून एका पिशवीत ठेवा. कंपनीने गेटवरच कार्ड काढून घेतलं असेल, तर त्याच आठवड्यात तसं लेखी कळवून रजिस्टर पोस्टाची पावती सांभाळा.

केस हरली म्हणून पीएफ बुडत नाही. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर 2 महिन्यांनी ती ऑनलाइन स्वतः भरता येते. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्जही वेगळा करा. पैशांसाठी कोणी ‘राजीनाम्यावर सही करा’ म्हणालं, तर आधी वकिलाला दाखवा.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्यानुसार औद्योगिक कामगाराला तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायला कोणी पिटाळलं, तर ‘कलम 12 खाली औद्योगिक कामगार म्हणून अर्ज करतोय’ असं अर्जातच लिहा आणि पोच घ्या.