पूहच्या मागची तीन अस्वलं

लाल बंडी घातलेलं, पोट सुटलेलं पिवळंधमक अस्वल आपल्याकडे दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, वाढदिवसाच्या केकवर सर्रास दिसतं. नाव विनी द पूह. (शेवटच्या ‘ह’ला मी घट्ट धरून आहे, तो गळला तर मराठीत भलताच अर्थ होतो.) पण लंडनच्या मेथ्यूएन प्रकाशनाने १४ ऑक्टोबर १९२६ रोजी दहा गोष्टींचं जे पुस्तक काढलं, त्यात हा रंग नव्हताच. काळ्या रेघांची साधी चित्रं होती. लेखक ए. ए. मिल्न, चित्रकार ई. एच. शेपर्ड.

यातलं पहिलं अस्वल हाडामांसाचं. ऑगस्ट १९१४ मध्ये हॅरी कोलबर्न नावाचा कॅनडाच्या लष्करातला पशुवैद्य आगगाडीने युद्धावर निघाला होता. ओंटारिओतल्या व्हाइट रिव्हर स्टेशनवर त्याला एक शिकारी काळ्या अस्वलाचं पिल्लू घेऊन बसलेला दिसला. कोलबर्नने ते वीस डॉलरला घेतलं आणि आपल्या विनिपेग शहरावरून त्याचं नाव ठेवलं विनी. पिल्लू मादी होतं. बोटीतून ते इंग्लंडला आलं, सॉल्झबरीच्या मैदानावरच्या छावणीत सैनिकांचं लाडकं झालं. डिसेंबरात तुकडी फ्रान्सला जायची वेळ आली, तेव्हा कोलबर्नने विनीला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. परतताना तिला घरी न्यायचा बेत होता. पण ती इतकी माणसाळली होती, की पोरंटोरं बिनधास्त तिच्याजवळ जात. शेवटी १९१९ मध्ये त्याने ती संग्रहालयालाच देऊन टाकली. १९३४ मध्ये ती तिथेच वारली.

दुसरं अस्वल भुशाचं. मिल्नचा मुलगा क्रिस्टोफर रॉबिन एक वर्षाचा झाला, तेव्हा म्हणजे १९२१ मध्ये, हॅरड्सच्या दुकानातून आणलेलं. त्याचं नाव आधी एडवर्ड होतं. मुलाने प्राणिसंग्रहालयातली विनी पाहिली आणि खेळण्याचं बारसं नव्याने झालं. ‘पूह’ हे नाव आधी एका हंसाचं होतं, तेही अस्वलाला चिकटलं. विनी हे तर मुलीचं नाव, मग हा मुलगा कसा, हा प्रश्न मिल्नने पुस्तकाच्या सुरुवातीलाच विचारून मोकळा केला आहे. उदास गाढव इयोर, डुकराचं पिल्लू पिग्लेट, कांगारू कांगा आणि तिचं पिल्लू रू हीसुद्धा मुलाच्या खोलीतली खेळणीच. घुबड आणि ससा मात्र लेखकाच्या डोक्यातून आले. १९२५ मध्ये मिल्नने ससेक्समधल्या अ‍ॅशडाउन जंगलाच्या कडेला एक जुनं शेतघर घेतलं आणि या मंडळींना रान मिळालं. तिथल्या ‘पाचशे एकर वना’चं गोष्टींत ‘शंभर एकर वन’ झालं.

आता शेपर्ड. मिल्न आणि तो, दोघेही पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या रणधुमाळीतून आलेले. दोघेही ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाशी जोडलेले. तरी सुरुवातीला मिल्नला हा चित्रकार पसंत नव्हता. पुढे मत इतकं पालटलं, की त्याने पुस्तकाच्या मानधनातला हिस्सा शेपर्डला दिला. त्या काळी चित्रकाराला ठरावीक रक्कम देऊन मोकळं करायची रीत होती. माझ्या मते तो हिस्सा ही मेहेरबानी नव्हतीच. मिल्नची वाक्यं कोरडी, मिश्किल. त्यांत पूह कसा दिसतो हे फारसं येत नाही. त्याची ती पुढे काढलेली ढेरी, विचारात पडल्यावरचं उभं राहणं, हे सगळं शेपर्डच्या रेघेचं. शेपर्डने जंगलात हिंडून झाडं, पूल, वाटा जागेवर रेखाटल्या, मुलाची बाकीची खेळणीही समोर ठेवून काढली. अस्वल मात्र हॅरड्सचं घेतलं नाही. आपल्या मुलाचं, ग्रॅहमचं, गुबगुबीत अस्वल घेतलं. त्याचं नाव ग्राउलर, म्हणजे गुरगुऱ्या. हे तिसरं.

लाल बंडी नंतरची, अमेरिकेतली. १९३० मध्ये स्टीफन स्लेसिंजरने तिथले व्यापारी हक्क घेतले आणि त्या दशकात पूह रंगीत झाला. १९६१ मध्ये तो डिस्नेकडे गेला. मग टीव्ही आला आणि आपल्याकडे पोचली ती ही बंडीवाली आवृत्ती.

हॅरड्सचं अस्वल १९८७ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात काचेमागे बसलंय. त्याच्या सोबतीला रू नाही. तो खूप पूर्वी सफरचंदाच्या बागेत हरवला. गुरगुऱ्या दुसऱ्या महायुद्धात शेपर्डच्या नातीबरोबर कॅनडाला गेला. तिथे एका कुत्र्याने त्याला फाडून टाकलं.