किल्ली काढली तरी जागी राहणारी सोळावी पिन

किल्ली काढली, दार लावलं, म्हणजे गाडीतली वीज बंद झाली, असा आपला समज असतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात या समजाचा फटका पावसाळ्यात हमखास बसतो. मुलगा पुण्याला नोकरीला, गाडी घरी. खानापुरात पावसाची झड लागली की ती पंधरा-पंधरा दिवस जागची हलत नाही. मग गणपतीला मुलगा येतो, सेल्फ मारतो आणि नुसतं ‘टक टक’ ऐकू येतं. बॅटरी डाऊन. कुणी म्हणतं बॅटरीच खराब निघाली, कुणी म्हणतं गाडीला दृष्ट लागली, आणि बंपरला ताजी लिंबू-मिरची लटकते. लिंबाचा बॅटरीशी काडीचा संबंध नाही. त्याऐवजी स्टीअरिंगच्या खाली वाकून पाहा. तिथे दिवा लुकलुकणारं छोटं यंत्र खोचलेलं असेल, तर पहिली चौकशी त्याची करा.

या यंत्राला कुणी स्कॅनर म्हणतं, कुणी ओबीडी डोंगल. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः ओळखण्याची सोय. ते ज्या सॉकेटात बसतं ते मुळात धूर-नियंत्रणासाठी आलं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ या धूर-नियमांच्या काळात ओबीडीची २०१० पासून पहिली आणि २०१३ पासून दुसरी, जास्त कडक पायरी आली. इंजिनात काय बिघडलंय हे गाडी स्वतः नोंदवते आणि मेकॅनिक ते या सॉकेटातून वाचतो. आता काहीशे रुपयांत ब्लूटूथ डोंगल मिळतो, मोबाईलवर इंजिनाचं तापमान, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे), बिघाडाचे कोड दिसतात. वस्तू उपयोगी आहे, मी ती सगळ्यांना सुचवतो. याच सॉकेटात खोचायचे ‘मायलेज वाढवणारे’ प्लग मात्र घेऊ नका. त्यातले काही तज्ज्ञांनी उघडून पाहिले, तेव्हा आत दिवे लुकलुकवणाऱ्या सर्किटापलीकडे काही निघालं नाही. इंजिनाशी बोलण्याची सोयच त्यात नव्हती. मायलेज वाढत नाही, वीज मात्र तेही खातात.

सॉकेटात १६ पिनांची जागा असते. चौथी आणि पाचवी अर्थिंगची, सहावी आणि चौदावी संदेशांची. सोळावी थेट बॅटरीच्या प्लसला जोडलेली असते. मध्ये फ्यूज असतो, पण बहुतेक गाड्यांत किल्लीचा स्विच नसतो. म्हणूनच स्कॅनरला वेगळी बॅटरी लागत नाही, आणि म्हणूनच खोचून ठेवलेला डोंगल चोवीस तास चालू राहतो.

आता हिशोब करू. साधा ब्लूटूथ डोंगल ४५ मिलीअँपिअर घेतो असं धरू. दिवसाला १.०८ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर घेतला की एक अँपिअर-तास) झाले. उभी गाडी स्वतःही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक यांसाठी थोडी वीज घेतेच; ती २० मिलीअँपिअर धरली तर आणखी ०.४८. एकूण १.५६. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर अकरा-बारा दिवसांत ती अर्ध्यावर येते. बॅटरी जुनी असेल तर त्याच्या आधीच सेल्फ बसतो. शिवाय सेल्फच्या बॅटरीला खोलवर उतरणं सोसत नाही. प्लेटांवर लेड सल्फेट साचतं, त्याचे स्फटिक मोठे होत जातात, आणि मग चार्जिंग करूनही ते पूर्ण विरघळत नाहीत.

“आठवड्यातून पाच मिनिटं गाडी चालू करून ठेवा” या सल्ल्याने भागत नाही. आयडलवर, म्हणजे इंजिन नुसतं जागेवर चालू असताना, बॅटरीला १० अँपिअर मिळाले असं धरलं, तरी पाच मिनिटांत ०.८ अँपिअर-तास होतात. आठवड्याचा खर्च जवळजवळ अकरा. गाडी संकेश्वरपर्यंत नेऊन आणा, मग बॅटरीत काही पडेल.

पण ४५ मिलीअँपिअर हा झाला डोंगलचा स्वतःचा खर्च. खरी गंमत संदेशांच्या तारांवर आहे, आणि मला या विषयात सगळ्यांत जास्त आवडते ती हीच जागा.

आजच्या गाडीत इंजिन, एबीएस, एअरबॅग, दरवाजे, मीटर अशा अनेक छोट्या संगणकांचं जाळं असतं. ते ‘कॅन’ नावाच्या पद्धतीने, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. जर्मनीतल्या बॉश कंपनीने ती १९८६ साली जगापुढे मांडली. कुणी बोलत नसताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. कुणी ‘शून्य’ पाठवला की एक तार ३.५ वर चढते, दुसरी १.५ वर उतरते. हा दोन व्होल्टचा फरक सगळे ऐकतात. किल्ली काढल्यावर हे संगणक लगेच झोपत नाहीत. आपापली कामं आवरून ते हळूहळू गप्प होतात, तारा शांत होतात आणि मुख्य चिप झोपतात. प्रत्येकाचा छोटासा कान तेवढा उघडा राहतो. हा कान मायक्रोअँपिअरमध्ये भागवतो. तारांवर काही मायक्रोसेकंदांचा ‘शून्य’ आला, तरी तो आपल्या संगणकाला उठवू शकतो.

आता डोंगलवर एखादं ॲप सतत जोडलेलं आहे, आणि ते दर सेकंदाला विचारतंय: सेवा ०१, क्रमांक ०सी, म्हणजे आरपीएम किती? इंजिन बंद आहे, उत्तर निघणार नाही किंवा शून्य येईल. पण प्रश्न तारांवर गेलाच. भरल्या वाड्यात सगळे निजलेले असताना कुणी दर मिनिटाला कडी वाजवावी, तशी गत होते. काही गाड्यांत सॉकेट आणि आतलं जाळं यांच्यामध्ये गेटवे नावाचा राखणदार संगणक असतो, तो असे प्रश्न अडवतो. काहींत तो स्वतःच उठून बाकीच्यांना उठवतो. जागे संगणक मिळून अँपिअरच्या घरात वीज ओढू शकतात. मग बॅटरी एक-दोन दिवसांत आटोपते, आणि डोंगलची खपत मोजणाऱ्याला काही कळत नाही, कारण डोंगल स्वतः थोडीच वीज घेत असतो.

म्हणून चांगल्या डोंगलचं खरं कौशल्य गप्प बसण्यात आहे. पण इंजिन बंद झालं हे त्याला कळणार कसं? सोळाव्या पिनवरचे व्होल्ट तो मोजू शकतो. विसावलेली, भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) चालू असताना १३.८ ते १४.४. तेव्हा १३.२ च्या खाली आलं की झोप, वर गेलं की ऊठ, असा सोपा नियम पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यात दोन अडचणी आहेत. इंजिन बंद केल्यावर प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज काही वेळ व्होल्ट चढेच ठेवतो. आणि नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी चालू गाडीतही व्होल्ट खाली आणतो. चोर्ला घाट चढताना डोंगलला वाटतं, गाडी उभी आहे. म्हणून शहाणा डोंगल दोन गोष्टी जुळवतो: व्होल्ट कमी आहेत, आणि तारांवर काही मिनिटं एकही संदेश नाही. दोन्ही खरं असेल तेव्हाच झोपायचं. उठायचं ते व्होल्ट एकदम खाली जाऊन वर उसळले की, कारण तशी उडी सेल्फ मारल्याशिवाय सहसा पडत नाही. झोपेत असा डोंगल दोन-तीन मिलीअँपिअर घेतो. डोंगलचा तेवढा भार बॅटरी महिनाभर सहज सोसते.

विकत घेताना खोक्यावर ‘स्लीप मोड’ लिहिलंय का बघा, पण नुसत्या लिहिण्यावर विसंबू नका. स्वस्त नकलांवर काहीही छापलेलं असतं. रोजची गाडी नसेल तर काम झालं की डोंगल काढून ठेवणं सगळ्यांत सोपं. सॉकेट अडचणीत असेल, तर बटण असलेली एक्स्टेंशन केबल घ्या. सोळाव्या पिनच्या तारेत स्विच घालून तशी केबल ऑटो इलेक्ट्रिशियनही करून देईल. टॅक्सीला ट्रॅकर लावलेला असेल आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर बॅटरीचा मायनस सोडवून ठेवा. घड्याळ आणि रेडिओ परत लावावे लागतील.

खात्री करायची तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या जागेवर ठेवून बॅटरीच्या मायनसच्या वाटेत, म्हणजे मायनसची तार सोडवून ती आणि बॅटरी यांच्यामध्ये, जोडा. बॉनेट उघडं असलं तरी त्याचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बसवून घ्या, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल, दारं लॉक करा, किल्ली गाडीपासून लांब न्या आणि अर्धा तास थांबा. तोवर आकडा मोठाच दिसेल. नंतर ५० मिलीअँपिअरच्या आत आला तर ठीक. मग डोंगल काढून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज लगेच उडेल, नाहीतर मीटरच जळेल.