विषाणू एकच, मग निम्म्या बायका बऱ्या कशा झाल्या?

आपल्याकडे कावीळ 'उतरवणारे' अजून आहेत. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. रुग्ण बरा होतोही, कारण हिपॅटायटिस 'ए' आणि 'ई' बहुतेक वेळा आपसूकच जातात. श्रेय मात्र चुन्याला मिळतं. हिपॅटायटिस 'सी'चा विषाणू असा सरळ नाही. तो बहुतेकांच्या यकृतात ठाण मांडतो आणि वीस-तीस वर्षं ते गुपचूप पोखरत राहतो. तरी काही जणांच्या रक्तातून तो औषधाविनाच नाहीसा होतो. त्या काही जणांमध्ये वेगळं काय असतं, याचा माग आयर्लंडमधल्या एका भयंकर चुकीपाशी पोचतो.

आई निगेटिव्ह रक्तगटाची आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर आईला 'अँटी-डी'चं इंजेक्शन देतात. ते माणसांच्याच रक्तद्रवापासून बनतं. १९७७-७८ मध्ये आयर्लंडमध्ये बनलेल्या या इंजेक्शनच्या काही साठ्यांत 'सी'चा विषाणू होता. तेव्हा त्याला नावही नव्हतं, तो सापडला १९८९ मध्ये. दूषित इंजेक्शनांचा प्रकार उघड झाला १९९४ मध्ये, म्हणजे त्या बाळंतपणांतली मुलं सोळा-सतरा वर्षांची झाल्यावर. मग ६२,६६७ बायकांची तपासणी झाली. ७०४ जणींच्या रक्तात संसर्गाच्या खुणा सापडल्या, पण विषाणू प्रत्यक्ष हजर होता तो ३९० जणींत. उरलेल्या ३१४ जणींनी त्याला कधीच हाकलून दिलं होतं, आणि तसं काही घडल्याचा बहुतेकींना पत्ताही नसणार.

संशोधकांना असा गट मागूनही मिळत नाही. सगळ्या बायका, एकाच देशातल्या, साधारण एकाच वयाच्या, विषाणूचा उगम एक आणि काळही एक. फरक उरतो तो मुख्यतः ज्याच्या त्याच्या जनुकांचा. (हा योगायोग त्या बायकांना केवढ्याला पडला, ते वेगळंच. भरपाईसाठी त्यांतल्या काहींना कोर्टात झगडावं लागलं.)

पहिला संशय गेला एचएलए जनुकांवर. अवयव जुळतो का हे बघताना तपासतात तीच ही जनुकं. एचएलए रेणू म्हणजे पेशीच्या दारातलं तबक: आत विषाणू असेल तर त्याचे तुकडे तबकात मांडून टी-पेशींना, म्हणजे बाधित पेशी हेरून मारणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवायचे. तबकाचा घाट प्रत्येकाचा निराळा, त्यामुळे कोणता तुकडा नीट बसेल हेही निराळं. गाम्बियात १९९५ मध्ये हिपॅटायटिस 'बी'बाबत असा एक संबंध दिसला होताच. आयरिश बायकांमध्ये २००४ मध्ये जी नावं पुढे आली त्यांत बी-२७ होतं. मणका आखडण्याच्या आजारात डॉक्टर तपासायला सांगतात, तेच हे. एरवी बदनाम असलेलं हे जनुक इथे उपकारक ठरलं. विषाणूला स्वतःची नक्कल करण्यासाठी जे विकर लागतं त्याचा एक तुकडा बी-२७ घट्ट धरतं, आणि त्या पकडीतून निसटायला विषाणूला एक बदल पुरत नाही, एकाच वेळी अनेक करावे लागतात.

त्याच वर्षी दुसरा धागा मिळाला, 'नॅचरल किलर' पेशींचा, म्हणजे बाधित पेशींवर आधी तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशींचा. या पेशींना ब्रेक लावणारी केआयआर नावाची जनुकं असतात. ब्रेक जात्याच सैल असेल तर विषाणू जाण्याची शक्यता वाढते. मात्र हे दिसलं ते सुईतून थोडा विषाणू शिरलेल्यांत, बाटलीभर रक्त चढवलेल्यांत नाही.

खरा धक्का २००९ चा. तेव्हा उपचार म्हणजे इंटरफेरॉन या विषाणूविरोधी प्रथिनाची आठवड्याला एक सुई आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, तेही अनेकांना ४८ आठवडे. ताप, अंगदुखी ठरलेली, अनेकांना नैराश्यही, आणि एवढं सोसून अमेरिकेतले निम्मे रुग्ण तसेच. ड्यूक विद्यापीठाच्या गटाने रुग्णांचा अख्खा जनुकसंच धुंडाळला, तर बोट पडलं १९व्या गुणसूत्रावरच्या डीएनएच्या एका अक्षरावर. हे अक्षर कुणात 'सी' असतं, कुणात 'टी' (या 'सी'चा विषाणूच्या नावाशी संबंध नाही), आणि प्रत्येकात त्याच्या दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत 'सी' असेल तर बरं होण्याचं प्रमाण दोन्हींत 'टी' असलेल्यांच्या साधारण दुप्पट. जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनाही त्याच वर्षी तीच जागा सापडली, आणि औषधाविना बरे होणाऱ्यांतही 'सी-सी'वालेच जास्त निघाले. आफ्रिकी वंशाच्या लोकांना हे औषध कमी का लागू पडतं, याचं जवळपास निम्मं उत्तर इथेच होतं: त्यांच्यात 'सी' कमी आढळतो, पूर्व आशियात तो जवळपास सर्रास.

२०१३ मध्ये गोष्ट उलटीच निघाली. त्या अक्षराच्याच जागी आयएफएनएल-४ नावाचं जनुक आहे. ते चालू असेल तर शरीरातच एक नवं इंटरफेरॉन बनतं. आणि ते बनतं त्यांच्यातच विषाणू जास्त टिकतो. ज्यांचं जनुक मोडकं (बहुधा तेच 'सी-सी'वाले), ते सुटतात.

त्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुविर या थेट विषाणूवर वार करणाऱ्या औषधाला मंजुरी मिळाली. आता दोन औषधांच्या गोळ्या बहुधा १२ आठवडे घेतल्या की शंभरातले ९५ च्या आसपास बरे होतात, मग अक्षर 'सी' असो की 'टी'. उपचाराआधी जनुकाचा रिपोर्ट मागणंही त्यानंतर मागे पडलं.