शून्यानंतरचं एक मिनिट

काउंटडाउन संपलं, बटण दाबलं आणि रॉकेट जागचं हललंच नाही, की पाय आपोआप लाँचपॅडकडे वळतात. मॉडेल रॉकेटच्या, म्हणजे छंद म्हणून उडवल्या जाणाऱ्या छोट्या रॉकेटांच्या मैदानावर नेमकी हीच घाई टाळायची असते. अमेरिकेच्या ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ची नियमावली सांगते : आधी लाँचरची सेफ्टी किल्ली काढा किंवा बॅटरी सोडवा आणि उडवण्याच्या शेवटच्या प्रयत्नानंतर ६० सेकंद कुणीही रॉकेटजवळ जाऊ नका.

मोटर म्हणजे रॉकेटला वर ढकलणारी, जळणारी दारू भरलेली नळी. ती पेटवणारा इग्नायटर म्हणजे एक बारीक तार. वीज गेली की ती तापते आणि टोकावरचं मिश्रण भडकतं. बहुतेक वेळा तार दारूला नीट टेकलेली नसते, किंवा तारेला वीज देणाऱ्या दोन क्लिपा एकमेकींना चिकटून शॉर्ट सर्किट झालेलं असतं. पण क्वचित आत काहीतरी धुमसतही असतं, आणि लांबून दोन्ही सारखंच दिसतं. न फुटलेल्या सुतळी बॉम्बवर वाकणाऱ्या पोरांना आपण दिवाळीत ओरडतो, ते याच कारणासाठी.

किल्लीबाबत मी फार आग्रही आहे. जो पॅडवर जाईल, किल्ली त्याच्याच खिशात हवी. मग मागे कुणाचा हात चुकून बटणावर पडला तरी तारेत वीज जात नाही.

या छंदाचा जन्मच सुरक्षिततेच्या काळजीतून झाला. १९५७ मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह उडाला आणि अमेरिकेतली मुलं लोखंडी नळ्यांत स्वतः रसायनं ठासू लागली. कित्येक जण जखमी झाले. नेब्रास्कातले बुटांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांनी त्याआधीच कागदी नळीचं, पॅराशूटने उतरणारं रॉकेट बनवलं होतं. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइन यांनी ते उचलून धरलं. धातूची नळी नको आणि मोटर कारखान्यातच तयार झालेली हवी, ही शिस्त तेव्हापासूनची.

मोटरचा धोका असा बराच आटोक्यात आला. घाई मात्र माणसाचीच असते. तिच्यापायी सर्वांत आधी वगळली जाते ती नव्या रॉकेटची दोरीची चाचणी. मोटर बसवलेलं, पण इग्नायटर न लावलेलं रॉकेट गुरुत्वमध्याशी दोरीने बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर ठीक. ते आडवं किंवा उलटं फिरलं, तर हवेचा दाब शेपटीऐवजी पुढच्या भागावर जास्त पडतोय. असं रॉकेट आकाशात कुठेही, अगदी माणसांकडेही वळू शकतं. अशा वेळी नाकात थोडी क्ले भरा किंवा पंख मोठे करा, आणि पुन्हा फिरवून बघा.